विश्लेषण : मुळे कोण वाढवते, बाटलीतले ‘टॉनिक’ की मातीतली हवा?

धानाची रोवणी आटोपते, कपाशीत डवरणीचे फेर सुरू होतात आणि शेतकऱ्याचे लक्ष जमिनीखाली जाते. मुळी चालली की नाही? नेमक्या याच दिवसांत ‘पांढरी मुळी वाढवा’, ‘जारवा दुप्पट करा’ असे सांगणाऱ्या बाटल्या कृषी केंद्रांच्या मांडणीवर पुढे येतात. मुळांची वाढ संजीवकांवर, म्हणजे वनस्पतींच्या हार्मोनवर चालते, हे खरेच आहे. पण ही संजीवके रोप स्वतः तयार करते. ती कुठे आणि किती लागतील, हे ते बऱ्याच अंशी माती, पाणी आणि हवा पाहून ठरवते. म्हणूनच बाटली विकत घेण्याआधी हा कारभार समजून घेणे फायद्याचे आहे.

पारशिवनीत हा प्रश्न महत्त्वाचा का?

नागपूर जिल्ह्याच्या उत्तरेकडील या तालुक्यात दोन अगदी वेगळ्या स्वभावाची पिके शेजारी शेजारी असतात. नवेगाव खैरी धरणातून निघणाऱ्या पेंचच्या कालव्यांवर पारशिवनी, रामटेक, मौदा या पट्ट्यातील धानाच्या बांध्या भिजतात. त्याच तालुक्यात कपाशीही उभी असते. धानाच्या मुळांना साचलेले पाणी चालते, कपाशीच्या मुळांना ते सोसत नाही. धानासाठी चिखलणी करून जमीन मुद्दाम घट्ट केली जाते. धान निघाल्यावर त्याच बांधीत हरभरा किंवा गहू पेरला, की तोच घट्टपणा आड येतो. पिके वेगळी असली तरी दोन्हींच्या मुळांना ‘वाढ’ आणि ‘थांब’ हे निरोप देणारी संजीवके मात्र तीच आहेत.

संजीवके म्हणजे नेमके काय?

संजीवक हे खत नव्हे. खत रोपाचे अन्न असते, संजीवक हा निरोप असतो. रोपाच्या एका भागात ते अत्यल्प प्रमाणात तयार होते आणि दुसऱ्या भागाने काय करायचे ते सांगते. मुळांच्या बाबतीत पाच नावे लक्षात ठेवली तरी पुरे.

ऑक्सिन : प्रामुख्याने शेंड्याकडील कोवळ्या पानांत तयार होते आणि खाली मुळांकडे येते. नवी मुळे फुटणे, मुळाची दिशा आणि लांबी यांत त्याचा मोठा वाटा असतो.

सायटोकायनिन : मोठ्या प्रमाणात मुळांत तयार होते आणि वर जाते. शेंडा आणि फुटव्यांना ते चालना देते, मुळांच्या फांद्यांना मात्र आवर घालते.

इथिलीन : वायुरूप संजीवक. केळी-आंबे पिकवण्यासाठी ओळखले जाते. मुळांत ते साचले की लांबी थांबते आणि मूळ जाड होते.

अॅब्सिसिक आम्ल : पाण्याचा ताण पडला की वाढते. पानांची छिद्रे मिटवते आणि कोरड्या जमिनीत मुळाला पुढे जात राहायला मदत करते.

स्ट्रायगोलॅक्टोन : स्फुरद कमी पडले की मुळे ते जमिनीत सोडतात आणि उपयोगी बुरशीला बोलावून घेतात. या कुळातील पहिला पदार्थ १९६६ मध्ये शास्त्रज्ञांच्या हाती लागला, तो कपाशीच्या मुळांच्या स्रावातूनच.

यांपैकी एकटे कोणीच निर्णय घेत नाही. फोक स्कूग आणि कार्लोस मिलर यांनी १९५७ मध्ये तंबाखूच्या पेशींवर दाखवून दिले, की ऑक्सिन जास्त आणि सायटोकायनिन कमी असेल तर मुळे फुटतात. प्रमाण उलट केले की कोंब फुटतात. जळगावच्या बागांत लागणारी केळीची उतिसंवर्धित रोपे आजही याच गणितावर तयार होतात.

मूळ खालीच का जाते?

चार्ल्स डार्विन यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात मुळाचे टोक संवेदनशील असल्याचे नोंदवले होते. टोक कापले की मूळ वाढत राहते, पण खाली वळण्याची जाण हरवते. या टोकातील पेशींत पिष्टाचे जड कण असतात. रोप आडवे झाले की ते कण खालच्या बाजूला बसतात आणि ऑक्सिनही खालच्या कडेला जास्त जमते.

येथे एक गंमत आहे. मुळात ऑक्सिन वाढले की पेशींचे लांबणे कमी होते. त्यामुळे खालची कड मंदावते, वरची कड लांबत राहते आणि मूळ खाली वळते. खोडात नेमके उलटे घडते. तेथे ऑक्सिनमुळे पेशी लांबतात, म्हणून आडवे पडलेले खोड वर उठते.

याचा शेतीशी थेट संबंध आहे. ‘आयआर ६४’ हे भाताचे प्रसिद्ध वाण उथळ मुळांचे. जपानी शास्त्रज्ञ युसाकू उगा आणि सहकाऱ्यांनी फिलिपिन्समधील एका खोल मुळांच्या भातातून ‘डीआरओ१’ हे जनुक त्यात आणले. हे जनुक ऑक्सिनच्या नियंत्रणाखाली चालते आणि मूळ कोणत्या कोनात वाढेल हे ठरवते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात मुळे खोल गेली आणि पाण्याच्या ताणातही मूळ वाणापेक्षा जास्त उत्पादन मिळाले.

मग जास्त ऑक्सिन म्हणजे जास्त मुळे?

नाही. आणि सर्वाधिक गैरसमज येथेच आहे.

डाळिंबाची किंवा गुलाबाची छाट कलमे लावताना बुडाला आयबीए नावाचे ऑक्सिन लावतात आणि मुळे फुटतात. आयबीएचा हा गुण १९३५ पासून माहीत आहे. पण ते काम नवीन मूळ सुरू करण्याचे आहे. छाटाला मूळच नसते, त्यामुळे मोठी मात्रा काही क्षण देऊन पेशींना ‘मूळ बना’ असा निरोप दिला जातो. उभ्या पिकाला मुळे आधीच असतात. त्यांच्याभोवती ऑक्सिन वाढले तर लांबी खुंटते आणि इथिलीनची निर्मितीही वाढते.

प्रयोगशाळेतील कोवळ्या रोपांत एक लिटर पाण्यात मिलिग्रॅमच्या पाचव्या भागाइतके नैसर्गिक ऑक्सिनही मुळाची लांबी रोखायला पुरेसे ठरते. ‘दोन झाकणे सांगितली, चार टाकली’ हा हिशेब खतात कदाचित निभावून जाईल, संजीवकात उलटा पडू शकतो.

रोवणीनंतर रोपात काय घडते?

पऱ्हे उपटताना बरीच मुळे तुटतात. रोवल्यावर रोप काही दिवस पिवळसर आणि थांबल्यासारखे दिसते. या काळात जुनी मुळे दुरुस्त करण्यापेक्षा खोडाच्या बुडाशी असलेल्या पेरांतून नवी मुळे फुटणे महत्त्वाचे असते. त्याचा निरोप ऑक्सिनच देते. भातात ‘सीआरएल१’ हे जनुक निकामी असेल तर ही मुकुटमुळे फुटतच नाहीत आणि हे जनुक ऑक्सिनला प्रतिसाद देते, असे २००५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले.

म्हणजे रोपाकडे हा निरोप देण्याची सोय आधीपासून आहे. पऱ्हे फार वयस्क झाले, पानेच कमजोर असली किंवा रोवणी खोल झाली, की त्यात अडथळा येतो. पऱ्हे वेळेत रोवणे आणि उथळ रोवणे हा जुना सल्ला त्यामुळेच महत्त्वाचा.

अॅझोस्पिरिलमसारख्या जिवाणू खतांचा फायदाही बराचसा याच वाटेने होतो. हे जिवाणू मुळाशी राहून स्वतः थोडे थोडे ऑक्सिन तयार करतात. म्हणून रोवणीपूर्वी पऱ्ह्यांची मुळे त्यांच्या द्रावणात बुडवून घेण्याची शिफारस केली जाते.

कडक जमिनीत मूळ का थांबते?

जमीन टणक आहे, मुळाला जोर पुरत नाही, असेच आजवर मानले जात होते. जानेवारी २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने या समजाला धक्का दिला. ब्रिटनमधील नॉटिंगहॅम विद्यापीठातील बिपिन पांडे आणि चीनमधील सहकाऱ्यांनी भुसभुशीत आणि दाबलेल्या मातीत मुळे वाढवून पाहिली. एका मातीची घनता प्रति घन सेंटिमीटर १.१ ग्रॅम होती, दुसरीची १.६ ग्रॅम.

मूळ नेहमीच थोडे इथिलीन सोडत असते. भुसभुशीत मातीत ते पोकळ्यांतून निघून जाते. दाबलेल्या मातीत पोकळ्या कमी असतात, त्यामुळे इथिलीन मुळाभोवतीच कोंडते. मूळ त्यावरून ‘पुढे वाट नाही’ असे ओळखते आणि स्वतःच थांबते. खरी कसोटी पुढे होती. इथिलीन ओळखू न शकणारी भाताची रोपे त्याच दाबलेल्या मातीत लावली, तेव्हा त्यांची मुळे आत शिरत गेली. म्हणजे जोर होता, थांबवत होता तो निरोप.

धान पट्ट्यात याचा अर्थ साधा आहे. वर्षानुवर्षे एकाच खोलीवर चिखलणी आणि ट्रॅक्टरची चाके यांमुळे वरच्या थराखाली एक कठीण थर तयार होतो. धानाला तो उपयोगी पडतो, कारण पाणी झिरपून जात नाही. पण पुढच्या हंगामात हरभऱ्याचे मूळ त्या थराशी येऊन थांबते. अशा जमिनीत वरून कितीही ‘मूळवर्धक’ सोडले तरी कोंडलेले इथिलीन बाहेर जाणार नाही.

साचलेल्या पाण्यात कपाशी कोलमडते, धान का टिकते?

पाण्यात वायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. त्यामुळे पाणी साचले की दोन गोष्टी होतात. मुळांना ऑक्सिजन मिळत नाही आणि मुळांतील इथिलीन बाहेर पडत नाही.

धान याचा उपयोग करून घेते. इथिलीनचा इशारा मिळताच धानाच्या मुळातील काही पेशी मरतात आणि तेथे हवेच्या नळ्या तयार होतात. पानांतून आलेली हवा त्यांतून मुळाच्या टोकापर्यंत पोहोचते.

कपाशीला ही व्यवस्था अशी साधलेली नाही. पाण्याखाली गुदमरलेल्या मुळांत इथिलीनचा कच्चा माल तयार होऊन वर जातो आणि पानांत ऑक्सिजन मिळताच त्याचे इथिलीन होते. मग पाने लोंबतात, पात्या-बोंडे गळतात. मोठ्या उघडिपीनंतर जोराचा पाऊस किंवा भरपूर ओलित झाले, की चांगली भरलेली कपाशी एकाएकी सुकते. याला आकस्मिक मर म्हणतात. हा बुरशीजन्य रोग नाही, त्यामुळे बुरशीनाशक ओतून मूळ कारण जात नाही.

यावर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची शिफारस संजीवकाच्या याच विज्ञानावर उभी आहे. लक्षणे दिसताच, शक्यतो पहिल्या २४ तासांत, प्रतिलिटर १० मिलिग्रॅम या प्रमाणात कोबाल्ट क्लोराइडची फवारणी. कोबाल्ट इथिलीन तयार होण्याची शेवटची पायरी अडवते. मात्र आधी पाणी बाहेर काढणे गरजेचे. चर न काढता केलेली फवारणी म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे.

युरिया, जस्त आणि स्फुरदाचा काय संबंध?

नत्र भरपूर मिळाले की मुळांत सायटोकायनिन वाढते आणि निरोप वर जातो, की शेंडा वाढवा. पीक हिरवेगार दिसते, पण रोपाच्या एकूण वाढीत मुळांचा वाटा घटतो. सुरुवातीलाच युरियाचा मोठा हप्ता दिलेले पीक पुढच्या उघडिपीत लवकर मान टाकते, यामागचे एक कारण हेच. नत्र विभागून देण्याचा सल्ला केवळ खत वाचवण्यासाठी नसतो.

जस्त कमी असेल तर रोपातील ऑक्सिनची पातळी खाली येते. रोवणीनंतर दोन-तीन आठवड्यांत धानाच्या पानांवर तांबूस ठिपके येऊन वाढ खुंटते, तो खैरा रोग जस्ताच्या कमतरतेचा असतो. अशा शेतात ऑक्सिनची बाटली शोधण्यापेक्षा झिंक सल्फेट देणे अधिक उपयोगाचे. कमतरता आहे की नाही, हे माती परीक्षणातून समजते.

धानातील तणनाशक आणि कपाशीचे नाते काय?

‘२,४-डी’ हे तणनाशक म्हणजे माणसाने बनवलेले ऑक्सिनच. रुंद पानांच्या तणांत ते ऑक्सिनचा पूर आणते. वाढ वेडीवाकडी होते, मुळे सुजतात, थांबतात आणि तण मरते. योग्य अवस्थेत आणि योग्य मात्रेत वापरल्यास गवतवर्गीय धान ते सहन करते.

कपाशी मात्र या रसायनाला अतिशय संवेदनशील आहे. शेजारच्या बांधीतून वाऱ्याने आलेले तुषार किंवा नीट न धुतलेल्या पंपातील अंश एवढ्यानेही कपाशीची पाने अरुंद, भेंडीच्या पानासारखी किंवा पंजासारखी होतात. हा विषाणूजन्य रोग समजून भलतीच औषधे फवारली जातात. जेथे धान आणि कपाशीचा धुरा एकच आहे, तेथे तणनाशकाचा पंप वेगळा ठेवणे आणि वारा असताना फवारणी टाळणे हा शेजारधर्मही आहे.

बाटलीवर काय पाहावे?

दुकानातील उत्पादने कायद्याने दोन वेगळ्या खात्यांत मोडतात. जिबरेलिक आम्ल, एनएए यांसारखी वाढ नियंत्रके कीटकनाशक कायदा १९६८ खाली नोंदवावी लागतात. त्यांच्या लेबलवर नोंदणी क्रमांक आणि चौकोनातील रंगीत त्रिकोण असतो. समुद्री शेवाळाचा अर्क, ह्युमिक आम्ल, अमिनो आम्ले ही जैव उत्तेजके. ती २३ फेब्रुवारी २०२१ च्या दुरुस्तीने खत नियंत्रण आदेशाखाली आली. जैव उत्तेजकांच्या व्याख्येतून वाढ नियंत्रके वगळलेली आहेत. म्हणजे ‘जैव उत्तेजक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीत बाहेरून मिसळलेले संजीवक असणे अपेक्षित नाही.

हा बाजार किती मोकाट होता, हे केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनीच जुलै २०२५ मध्ये सांगितले होते. एकेकाळी सुमारे ३० हजार जैव उत्तेजके विकली जात होती, नंतर ती ८ हजारांवर आली आणि कडक तपासणीनंतर सुमारे ६५० उरली, असे त्यांचे म्हणणे होते. अनुदानित खतासोबत अशी उत्पादने शेतकऱ्याच्या गळ्यात मारू नयेत, असेही केंद्राने त्या वेळी बजावले.

त्यामुळे दुकानात तीन प्रश्न विचारावेत. हे कोणत्या खात्यात नोंदवलेले आहे? माझ्या पिकासाठी त्याची शिफारस आहे का? मात्रा किती? आणि उत्तर काहीही आले तरी पक्के बिल घ्यावे. तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा असतो.

मग शेतकऱ्याने नेमके करावे काय?

पहिले काम फुकटचे आहे. धानाचे एक चूड मातीसकट खणून काढावे आणि मुळे धुऊन पाहावीत. पांढरी टोके दिसत असतील तर मुळी चालू आहे. मुळांवर तांबूस थर असेल तर घाबरण्याचे कारण नाही. मुळातून बाहेर पडणाऱ्या ऑक्सिजनमुळे मातीतील लोहाचा तो गंज असतो. मुळे काळी पडून सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर हवा संपली आहे.

अशा बांधीतून पाणी काढून जमिनीला हवा दाखवावी. पुढे पाणी आलटून पालटून देण्याची पद्धत वापरता येते. बांधीत छिद्रे पाडलेला पाइप रोवून आतील पाण्याची पातळी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरू द्यायची, मग पुन्हा पाणी द्यायचे. फुलोऱ्याच्या काळात मात्र पाणी कायम ठेवायचे. कालव्याच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याला पाळी कधी येईल याचा भरवसा नसतो. त्याने ही पद्धत पाण्याची खात्री असेल तेव्हाच वापरावी.

धान निघाल्यावर ओलसर जमिनीत लोखंडी सळई दाबून पाहावी. एका ठरावीक खोलीवर ती सगळीकडे अडत असेल, तर खाली कठीण थर आहे. वाफसा असताना खोल नांगरट आणि शेणखताचा किंवा हिरवळीच्या खताचा आधार हा त्यावरचा उपाय. कपाशीत पावसाळ्यापूर्वी उताराला धरून चर काढून ठेवावेत.

एवढे करूनही मुळी चालत नसेल, तर माती परीक्षणाचा अहवाल हाती घेऊन कृषी सहायकाशी किंवा कृषी विज्ञान केंद्राशी बोलावे. त्यानंतर एखादे नोंदणीकृत उत्पादन घ्यायचे ठरले, तर शेताचा एक पट्टा तसाच सोडावा. दोन आठवड्यांनी दोन्हीकडची चुडे उपटून शेजारी ठेवली, की पैसे कामी आले की वाया गेले हे डोळ्यांनीच दिसेल.